भिंतीतली सुलाबाई

सुलाबाईला नाशिकच्या बांधकामांवर सगळे ओळखायचे ते तिच्या बोलण्यामुळं. डोक्यावर घमेलं, कमरेला पदर खोचलेला, आणि खालून पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झालेला. गोरक्ष मिस्त्री म्हणायचा, ही बाई घमेलंभर माल आणते आणि गाडीभर बोलते. पण कामावर गेल्यावर तो पहिली चौकशी करायचा ती सुलाबाई आली का याचीच. दुसऱ्या बायकांना माल पातळ होतोय हे सांगावं लागे, हिला सांगायला गेलं तर हीच चार गोष्टी सुनावून मोकळी व्हायची.

खरं तर तिला हे काम करायची गरज उरली नव्हती. मुलगा सहादू ओझरला विमानाच्या कारखान्यात लागला होता. सकाळी कारखान्याच्या बसनं जायचा आणि संध्याकाळी शर्टाची इस्त्रीही न मोडता परत यायचा. सून लता रोज म्हणायची, "आई, आता बसा घरी." दोन दिवस बसून पाहिलं सुलाबाईनं. रिकाम्या हातानं बसलं की तिला अंगात कणकण आल्यासारखं वाटे. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर हजर झाली.

या बाईच्या हातांची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढं तिनं जे केलं तो नुसता हेकटपणा वाटेल. येवल्याच्या पूर्वेला, माळरानावरच्या एका खेड्यात ती लग्न होऊन आली तेव्हा सासरी गावकीचं काम होतं. गावाचे सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी टोपली घेऊन दारोदार भाकरी मागत फिरायचं. येसकराची भाकरी म्हणत तिला. नव्या नवरीला सासूनं पहिल्याच आठवड्यात बरोबर नेलं. अंगणाबाहेर उभं राहायचं, "भाकर वाढा माय" म्हणून हाक द्यायची, दोन्ही हात पुढं करायचे. मग हाताला हात लागणार नाही अशा बेतानं वरून शिळा तुकडा पडायचा. सासरा झुंबर हा तरुणपणी येवल्याच्या सभेला चालत गेलेला माणूस. त्याला हे बघवत नसे, पण एकट्याच्यानं सुटतही नसे. छप्पन सालानंतर धर्म बदलला आणि अख्ख्या वस्तीनं एकदिलानं ते काम टाकलं. त्या संध्याकाळी झुंबरनं टोपली मोडून चुलीत घातली. चूल छान पेटली, शिजवायला मात्र घरात काही नव्हतं. सगळे पाणी पिऊन झोपले. सुलाबाई सांगायची, तेवढी गाढ झोप तिला पुन्हा कधी लागली नाही.

तेव्हापासून तिनं हात पुढं केला तो द्यायला, उचलायला, किंवा फारच झालं तर कुणाच्या कानाखाली वाजवायला. मागायला नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नवरा आदल्याच वर्षी गेलेला, घरात पीठ नाही, आणि एके दिवशी वस्तीत जीप आली. जीपमधून उतरले बिशपबाबा. नाव बिशप लेओनार्ड. जन्म परदेशातला, पण सगळी हयात इकडं गेलेली. दुसऱ्या प्रांतात ते बिशप होते. म्हातारपणी निवृत्त होऊन नाशिकच्या चर्चमागं दोन खोल्यांत राहायला आले, पण निवृत्ती म्हणजे काय हे त्यांना कुणी नीट समजावलं नव्हतं. उंच, खांद्यात वाकलेले, पांढऱ्या झग्याच्या काठाला कायम धूळ. मराठी पुस्तकातून शिकल्यामुळं वाटेतल्या कुत्र्यालाही "आपण बाजूला व्हा" म्हणायचे. त्यांनी दुधाची भुकटी आणली होती, सुकडी आणली होती. बायकांची रांग लागली. सुलाबाई रांगेत नव्हती. ती बाजूला, बाभळीखाली उभी राहून बघत होती. तेव्हा बिशपबाबा स्वतःच पुडकं घेऊन तिच्याकडं गेले.

"आपण घ्यावं," ते म्हणाले.

"फुकाट नाय घेत मी. काम हाय का?"

"काम कोणतं?"

"आमच्या वस्तीला हीर नाय. हीर खांदा. मी माती वाहते. मग द्या काय द्यायचं ते."

रांगेतल्या बायकांनी कपाळाला हात लावला. घरात उंदरांनी उपास धरलेला आणि हिला मान सुचतोय, असं एकजण बोललीही. बिशपबाबांनी पुडकं परत जीपमध्ये ठेवलं. पुढच्या खेपेला ते आले ते टिकाव, फावडी, सुरुंगाचं सामान आणि गव्हाची पोती घेऊन. विहिरीचं काम उन्हाळाभर चाललं. जो राबेल त्याला गहू आणि तेल. शेवटी पाणी लागलं, बेताचंच, पण लागलं. सुलाबाईला त्या पाण्यापेक्षा मोठं वाटलं ते हे, की दुष्काळ सरला आणि आपला हात कुणापुढं पसरला गेला नाही. ही एक गोष्ट तिनं जन्मभर जपली. दुसरं जपण्यासारखं तिच्याकडं फारसं नव्हतंच.

दुष्काळानंतर ती सहादूला घेऊन नाशिकच्या वस्तीत राहायला आली आणि बांधकामावर लागली. बिशपबाबा अठ्ठ्याहत्तर साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ चर्चच्या आतल्या भिंतीवर एक शिल्प करायचं ठरलं. चर्चचे मुख्य होते फादर इनास, वसईचे. स्वभावानं मऊ, आणि निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना हटकून दुसरं काम आठवे. संगमरवर परवडणारा नव्हता, म्हणून त्यांनी गोरक्ष मिस्त्रीला बोलावलं. गोरक्ष मूळचा नामपूरकडचा. गिलावा तर तो करायचाच, पण त्याचं खरं नाव होतं देवळांच्या कामात. शिखरावरचे मोर, दारावरचे द्वारपाल, देवासमोरचे भक्त, सगळं तो विटा, तारेची जाळी आणि सिमेंट यांतून उभं करायचा. फादरांनी त्याला एवढंच सांगितलं, की दुष्काळातले बिशप दाखवा.

आता गोरक्षनं बिशपबाबांना कधी पाहिलेलंच नव्हतं. फोटो मिळाले, त्यात टोपी जास्त आणि माणूस कमी. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यानं सुलाबाईला विचारलं, आणि सुलाबाईला तेवढंच हवं होतं. वाकलेले खांदे कसे, बोटं कशी लांब, बोलताना मान कशी एका बाजूला जायची, सगळं तिनं उभं राहून करून दाखवलं. जीपची गोष्ट सांगितली, हिरीची सांगितली. गोरक्ष ऐकत होता आणि तिच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होता. तिच्या डाव्या भुवईत सुरुंगाची कपची लागून पडलेली खाच होती, हनुवटीवर गोंदण होतं. सुलाबाईला वाटलं, गडी मन लावून ऐकतोय.

काम ताडपत्रीच्या आड चाललं. गोरक्ष एवढंच म्हणाला, "तूबी हायेस त्यात. पण झाल्याबिगर बघायचं नाय." हे ऐकल्यावर सुलाबाईचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तिनं अख्ख्या वस्तीत सांगितलं. समारंभाच्या दिवशी पांढरी साडी नेसली, सहादूला रजा घ्यायला लावली, लताला बरोबर घेतलं, आणि चर्चमध्ये जाऊन पुढच्या बाकावर बसली.

फादर इनासांनी पडदा ओढला. बिशपबाबा हुबेहूब उतरले होते. खांदे तेच, मान तशीच कललेली, आशीर्वादासाठी दोन्ही हात पुढं झुकलेले. आणि त्यांच्या पायाशी, त्यांच्या कमरेएवढी, गुडघे टेकून, दोन्ही हात पसरून, तोंड वर करून बसलेली सुलाबाई. भुवईची खाच तीच, हनुवटीचं गोंदण तेच. लोकांनी आधी भिंतीकडं पाहिलं, मग बाकाकडं पाहिलं. कुणीतरी कौतुकानं टाळी वाजवली. सहादू उठला आणि बाहेर निघून गेला. लतानं सुलाबाईचं कोपर धरून तिला उठवलं.

वस्तीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. "काय सुलाबाई, बाटली का काय तू?" कुणी हसून विचारलं, कुणी न हसता. ते तिनं ऐकून सोडलं. पण संध्याकाळी सहादू ताट सरकवून म्हणाला, "आज्यानं टोपली मोडून जाळली, आन तू परत हात पसरून बसलीस."

"मी कुठं पसरला? त्यानं पसरला माझा."

"बघणाऱ्याला ते काय ठावं? ती भित हाय तवर तू मागतच ऱ्हानार."

पोरगा बोलला ते खरं होतं, म्हणून तिला फार लागलं. त्या दिवशी ती रडली. सुलाबाईला रडताना लता पहिल्यांदाच बघत होती.

सकाळी ती थेट गोरक्षच्या दारात गेली. "उठव मला," म्हणाली.

गोरक्षला आधी कळेचना. त्याच्या मते त्यानं या बाईचा मोठा मान केला होता. देवळाच्या कामात त्याला बापानं शिकवलेलं असं, की देव उभा, भक्त खाली. देव पुरा, भक्त त्याच्या कमरेएवढा. भक्ताचे हात एकतर जोडलेले, नाहीतर पसरलेले. हात तसे नसले तर तो भक्त आहे हे लोकांना कळणार कसं? इतक्या वर्षांत एकाही भक्तानं येऊन तक्रार केली नव्हती.

"मी भगत नव्हते," सुलाबाई म्हणाली. "मी मजूर व्हते. तुला सांगितली ती गोष्ट तू ऐकली का नुसतं तोंडच बघितलं?"

गोरक्ष चिडला की त्याच्या तोंडी गावाकडची बोली यायची. "सिमिट शे ते, माती नही," तो म्हणाला. बाईला उभं करायचं तर सगळं फोडावं लागणार, आणि फोडलं तर बिशपबाबाही जाणार, कारण दोघं एकाच जाळीवर बसवलेली. हे खोटं नव्हतं. ती स्वतः त्याच्या हाताखाली राबलेली असल्यामुळं तिलाही ते पटलं, आणि पटल्यामुळं जास्तच संताप आला.

मग ती फादर इनासांकडं गेली. फादरांनी तिला खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं आणि समजावलं, की आमच्यात गुडघे टेकणं हा कमीपणा नसतो. आम्ही सगळेच टेकतो. बिशपही टेकायचे, मीही टेकतो.

"गुडघ्याचं नाय वो फादर," सुलाबाई म्हणाली. "गुडघा वझं उचलतानाबी टेकतो. हाताचं हाय. माझा हात रिकामा हाय तिथं."

फादर म्हणाले, "विचार करतो." आणि त्यांना दुसरं काम आठवलं.

पुढच्या रविवारी मिस्सेच्या, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या वेळेला सुलाबाई चर्चमध्ये आली, शिल्पापाशी गेली, आणि भिंतीकडं पाठ करून उभी राहिली. बरोबर त्या बसलेल्या बाईच्या पुढ्यात. मागची बाई तिच्याआड पूर्ण झाकली गेली, वर नुसते बिशपबाबा दिसत राहिले. लोक गुडघे टेकत होते, उठत होते, गात होते. ती उभीच. तोंडातून अवाक्षर नाही. मिस्सा संपली, माणसं पांगली, तशी ती घरी गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. पावसात आली, दिवाळीच्या गडबडीत आली. त्या काळात या चर्चमध्ये लागलेल्या लग्नांचे फोटो कुणाकडं असतील तर बघा, नवरानवरीच्या मागं भिंतीशी पांढऱ्या साडीतली एक बाई रोखून बघत उभी असेल. फादरांनी दोनदा तिला बाकावर बसायला सांगितलं. ती म्हणाली, "बसवलंय की मला. बघा मागं."

नाताळ जवळ आला, आणि गर्दीच्या मिस्सेला ही बाई तशीच उभी राहिलेली फादरांच्या डोळ्यांपुढं येऊ लागली. शेवटी त्यांनीच विचारलं, "सुलाबाई, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"माझ्या हातावर घमेलं ठेवा."

फादर शिल्पाकडं बघत राहिले. "मग बिशप आशीर्वाद देताहेत असं दिसणार नाही," ते म्हणाले. "घमेलं घेताहेत असं दिसेल."

"घेतलं व्हतं की. हिरीवर एक डाव आले आन म्हणाले, आपण मला द्यावं. दिलं. निम्मं झग्यावर सांडलं त्यांनी."

फादर इनास हसले. बिशपबाबांना ते जवळून ओळखत होते, आणि हे त्यांना फोटोतल्या टोपीपेक्षा जास्त खरं वाटलं. त्यांनी तिथंच होकार दिला, विचार न करता.

गोरक्ष कुरकुरत आला. एक जुनं लोखंडी घमेलं त्यानं तारेनं त्या हातांना बांधलं आणि बाहेरून सिमेंट चढवलं. माल कालवून द्यायला अर्थातच सुलाबाई होती, आणि तारेचा पीळ कुठं ढिला आहे हे सांगायलाही. काम झालं तेव्हा गोरक्ष मागं सरकला. भक्त गेला होता. खालून एक बाई वर घमेलं देत होती आणि एक म्हातारा ते घ्यायला वाकला होता. "झालं तुझ्या मनासारखं?" त्यानं विचारलं. सुलाबाईनं तोंड वाकडं केलं, म्हणजे झालं होतं.

संध्याकाळी कामावरून परतताना सहादू वाट वाकडी करून चर्चमध्ये जाऊन आला. घरी येऊन म्हणाला, "जड दिसतंय." एवढंच. पण त्या दिवशी तो आईशेजारी बसून जेवला, आणि सुलाबाईला वाटलं, आपलं झाकलं गेलं सगळं. त्यानंतर ती चर्चकडं फिरकली नाही. गरजच नव्हती.

वर्षं गेली. गुडघ्यांनी साथ सोडली तशी सुलाबाईनं बांधकामावर जाणं थांबवलं. गोरक्ष नामपूरला परत गेला, मुलाबरोबर कांद्याच्या धंद्यात पडला. सत्त्याऐंशी साली नाशिकला स्वतःचा धर्मप्रांत झाला, चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चचा मान मिळाला. मोठा सोहळा ठरला. थकलेले फादर इनास अजून तिथंच होते. त्यांनी सुलाबाईला मुद्दाम निरोप धाडला, की एकदा येऊन जा, लांबलांबची माणसं तुमचं शिल्प बघायला येताहेत.

सोहळ्याच्या आधीच्या रविवारी ती लताला घेऊन गेली. आवारात फरशीचं काम घाईनं चाललं होतं, आत खेड्यापाड्यांतून आलेल्या लोकांची रांग शिल्पापुढं लागली होती. सुलाबाई हळूहळू रांगेनं पुढं सरकली. जवळ गेल्यावर तिला दिसलं. माणसं बिशपबाबांच्या पायाला हात लावत होती, कपाळाला लावत होती, आणि मग घमेल्यात पैसा टाकत होती. घमेलं नाण्यांनी अर्धं भरलं होतं. भिंतीतून पुढं आलेलं, वर तोंड असलेलं रिकामं भांडं, त्यात लोक दुसरं काय टाकणार? कुणाचं काही चुकत नव्हतं. पुढची बाई शेजारणीला समजावत होती, "ही दुष्काळात मागायला आलेली. बिशपांनी जगवलं बघ हिला."

सुलाबाईनं बाकाचा आधार घेतला. इतके रविवार उभं राहून जे पुसलं म्हणून ती निवांत झाली होती, ते तिच्या पाठीमागं चांगल्या मनाच्या माणसांनी एकेक पैसा टाकून परत मांडलं होतं. लतानं विचारलं, "आई, बसता का?" सुलाबाई म्हणाली, "ह्ये पैसे पदरात घे आन त्या दानपेटीत टाक. सगळे."

लता पैसे गोळा करत होती तोवर ती बाहेर गेली. फरशीवाल्यांचा माल कालवलेला पडला होता, शेजारी मुरमाचा ढीग होता. तिनं कुणाला विचारलं नाही. एक घमेलं भरलं, घट्ट मालाचं, वर मुरूम घेतला, आणि किती वर्षांनी कोण जाणे, डोक्यावर उचललं. तशीच ती दारातून आत आली. रांगेनं आपोआप वाट दिली. तिनं तो सगळा माल भिंतीतल्या घमेल्यात उपडा केला, हातानं दाबला, शीग चढवली, वरून मुरमाचे खडे ठोकून बसवले. फादर इनास लगबगीनं आले, पण त्यांना ठरवायला नेहमीच वेळ लागायचा. तोवर तिचे हात धुऊन झाले होते.

सोहळ्याच्या दिवशी माल वाळून दगडासारखा झाला होता. काम काही गोरक्षच्या तोडीचं नव्हतं, बोटांचे ओरखडे तसेच राहिले होते. सुलाबाई शिल्पाच्या बाजूला येऊन उभी राहिली. कॅथेड्रल माणसांनी फुललं होतं. सिन्नरकडच्या एका म्हातारीनं बिशपबाबांच्या पायाला हात लावला आणि घमेल्यात पैसा टाकला. पैसा शिगेवरून घसरला, फरशीवर वाजला आणि लांब गेला.

"तुमचा पैसा पडला, बाई," सुलाबाई म्हणाली. "उचला."

म्हातारीनं वाकून पैसा उचलला, कनवटीला लावला, आणि पुन्हा वर बघितलं. "येवढं काय भरलंय गं त्यात?"

"हिरीचा मुरूम. मी देते, ते घेत्यात."